आधारचा अंगठा न देता भाड्याचं घर: माझा अनुभव

पुण्यात भाड्यानं घर घेताना करार कसा करायचा हे आता कोणी विचारतच नाही. एजंट सरळ सांगतो, "सर, रविवारी घरीच येतो, आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, पाच मिनिटांत विषय संपला." मी म्हणालो अंगठा देणार नाही, दुसरा मार्ग आहे ना, तो करू. त्यावर तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "सर काही प्रॉब्लेम आहे का? म्हणजे केस वगैरे?"

केस वगैरे काही नाही. आमच्या घरात हे खूळ जुनंच आहे. वडील शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला, शरद जोशींनी १९९४ ला खुल्या बाजाराची बाजू घेणारा स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा गावात लोक हसायचे तरी हे प्रचाराला. माझ्या कांद्याची निर्यात सरकारनं का अडवायची हा त्यांचा प्रश्न होता, माझा प्रश्न एवढाच की घरमालकीण आणि मी यांच्यातल्या व्यवहाराला केंद्र सरकारच्या डेटाबेसनं मान का डोलवायची. कराराची नोंदणी असावी याला माझी हरकत नाही हां, उलट सरकारनं जी मोजकी कामं करावीत त्यातलं हे एक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार लेखी नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरलं जातं, जोपर्यंत उलटं सिद्ध होत नाही तोपर्यंत. चांगलं कलम आहे. पण त्यात आधारचा अंगठा कुठेच नाही. तो आला ऑनलाइन नोंदणीच्या सोयीतून.

अंगठ्याला नाही म्हणायचं दुसरं कारण साधं पैशाचं. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एईपीएसमधून, म्हणजे आधारवर बँकेतले पैसे काढायच्या सोयीतून, पैसे निघतात, ओटीपी नाही की पिन नाही. आंध्रात नोंदणी खात्याच्या साइटवरून लोकांचे दस्त डाउनलोड करून त्यातल्या ठशांवरून नकली ठसे बनवले आणि खाती साफ केली, अशा टोळ्या पोलिसांनी पकडल्यात. ते वाचलं त्या दिवशीच मी एम-आधार ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, म्हणजे माझा ठसा कुठल्याच मशीनवर चालणार नाही. फुकट आहे, कुणीही करू शकतं, आणि आश्चर्य म्हणजे फारसं कुणी करत नाही.

तरी रविवारी एजंट आलाच, घरमालकीण काकूंनी बोलावलं होतं. फ्लॅट काकूंच्या नावावर. काका बिचारे मधे पडले, "अहो देऊन टाका ना, काय होतंय, सगळेच देतात." एजंट म्हणाला, "सर एकदा ठेवून तर बघा." म्हटलं बघ बाबा. मशीनचा लाल दिवा लागला, लॅपटॉपवर एरर ३३०, बायोमेट्रिक लॉक्ड. त्याला कोड पाठ होता, लगेच म्हणाला, "अनलॉक करा ना सर, दहाच मिनिटांसाठी होतं ते." खरंच दहाच मिनिटांसाठी होतं. मी नाही केलं.

वातावरण जरा तापलं. आणि मग काकूंची पाळी आली. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. एजंटनं खिशातून रुमाल काढून काच पुसली, काकू हात धुऊन आल्या, तर्जनी झाली, मधलं बोट झालं, मशीन आपलं टूं करून नाहीच म्हणतंय. जन्मभर भांडी घासली, धुणं धुतलं, त्या बोटांवर रेषा राहणार कुठून? काकू हसून म्हणाल्या, "मी मीच नाहीये म्हणे." मला हसू नाही आलं. रेशन दुकानात हेच होतं तेव्हा माणूस धान्य न घेता परत जातो. इथे नुसता एक करार अडला, आणि ज्या काकांना मी हट्टी वाटत होतो तेच म्हणाले, चला ऑफिसात जाऊ.

तर ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी. आधी नोंदणी विभागाच्या साइटवर सार्वजनिक डेटा एन्ट्री करायची, मालक, भाडेकरू, मिळकतीचं वर्णन, मुदत, भाडं, डिपॉझिट, सगळं आपणच टाइप करायचं, ते तुम्हाला एक नंबर देतात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेवर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दोन्ही ग्रास या राज्य सरकारच्या पैसे भरायच्या साइटवर चलनानं ऑनलाइन भरता येतं. मग प्रिंट, सह्या, आणि मूळ ओळखपत्रं घेऊन दुय्यम निबंधकाकडे. मी पॅन आणि ड्रायव्हिंग लायसन्स नेलं, काकूंनी पॅन आणि मतदार ओळखपत्र. खिडकीतल्या बाईंनी सवयीनं विचारलं, "आधार?" म्हटलं नाही, हे आहे. त्यांनी एकदा चष्म्यावरून बघितलं आणि घेतलं. बस. वाद नाही, भाषण नाही. रांग होती, पंखा एकच होता, सर्व्हर मधेच झोपला, पण ते आपल्याला काय नवीन आहे का.

अंगठा तिथेही घेतात आणि वेबकॅमवर फोटोही काढतात, म्हणून मित्र म्हणतो, काय मिळवलंस मग? फरक आहे. तो ठसा त्या दस्ताला चिकटतो (त्यावरून कुणी नकली ठसा बनवलाच तरी माझं बायोमेट्रिक लॉक आहे), आधारच्या कुठल्या सर्व्हरला "हा तोच का" असं विचारायला जात नाही, आणि मशीन नाही म्हणालं म्हणून तुमचं काम अडत नाही. तिथे ओळख पटवतात ती माणसं. दस्ताच्या शेवटी छापलेलं असतं की खालील इसम असे निवेदित करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात. माझ्या बाजूनं ऑफिसातला एक मित्र आणि काकूंकडून त्यांचा भाचा. (बाहेर टेबल टाकून बसलेली पोरं दिवसभर अनोळखी लोकांना व्यक्तीशः ओळखत असतात ही गोष्ट वेगळी.)

पोलिसांची भाडेकरू माहिती ऑनलाइन भरली, फोटो, कामाचा पत्ता, ओळखीच्या माणसांची नावं, सगळं. हे मला पटत नाही, घर भाड्यानं घेणारा माणूस आधी संशयित आणि मग नागरिक असा त्याचा सूर आहे, मालकाला कोणी पोलिसात जाऊन मी बरा माणूस आहे असं सांगायला लावत नाही. पण न भरल्यास गुन्हा काकूंवर दाखल होऊ शकतो, आणि माझ्या तत्त्वासाठी त्यांना चौकीत नेणं मला जमण्यासारखं नव्हतं.

खरी मजा सोसायटीत आली. सेक्रेटरी म्हणाले आधारची कॉपी ग्रुपवर टाका. ग्रुपवर! मी मास्क्ड आधार दिलं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. ते म्हणाले हे चालत नाही, आकडे कुठेत? मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू ऑफिसनंच पत्रक काढलं होतं की फोटोकॉपी कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. दोनच दिवसांत सरकारनं ते मागे घेतलं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. म्हणजे काळजी घ्या असं म्हणणंसुद्धा गैरसमज. शेवटी लायसन्सची झेरॉक्स दिली, तिच्यावर आडवं लिहून की फक्त भाडेकरू नोंदीसाठी, खाली तारीख आणि सही. हे मी सगळीकडे करतो, तुम्हीही करा.

मग गेटचं ॲप. पाहुणा आला की फोटो, फोन नंबर, गाडी नंबर, मोबाइलवर टिंग, अप्रूव्ह करा. मी म्हटलं मला ॲप नको, इंटरकॉमवर विचारा, वहीत लिहा. सेक्रेटरी म्हणाले, "सक्ती नाहीये हो, पण वही बंद केलीये." या एका वाक्यात गेल्या दहा वर्षांचं सगळं आलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं की खासगीपणा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या सप्टेंबरात आधारच्या निकालात खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी कलम ५७ मधली वाट बंद केली. २०१९ ला कायदा दुरुस्त करून बँका आणि सिमकार्डवाल्यांसाठी ती ऐच्छिक म्हणून परत उघडली, जानेवारी २०२५ च्या नियमांनी आणखी रुंद केली. या वाटेवर सक्ती कुठेच नाही. फक्त दुसरी खिडकी बंद. आणि गंमत म्हणजे सरकारला शिव्या घालणारे आम्ही लोक सोसायटीची कमिटी झालो की त्याच्यापेक्षा कडक.

माझं मी निभावतो, मी भांडू शकतो. मावशींचं काय? आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्यांचा चेहरा गेटवरच्या मशीनमध्ये घातलाय, किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, कुठल्या कुठल्या फ्लॅटला गेल्या, सगळं ॲपवर. वर त्यांना स्टार देता येतात. ४.१ आहेत. मी त्यांना विचारलं हे माहितीये का, तर त्या म्हणाल्या, "फोटो काढला होता वॉचमननं, कशाला ते नाही सांगितलं." दुसऱ्या विंगमध्ये काम सुटलं तर त्यांना कळणारही नाही कुणी कुठला स्टार कापला म्हणून. कंपनीत आमचं अप्रेझल होतं तेव्हा निदान समोर बसवून सांगतात. मी खुल्या बाजारावर विश्वास ठेवणारा माणूस, पण हा बाजार नाही, एका बाजूला सगळी माहिती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तिथे सौदा कसला होणार?

म्हणून सोसायटीला लेखी अर्ज दिलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत. तोवर कायद्यानं ते मला उत्तर द्यायला बांधील नाहीत असं कमिटीतल्या एका वकील साहेबांनी आनंदानं सांगितलं. ठीक आहे. मी तीन गोष्टी विचारल्यात: मावशींचे चेहरे कुणाच्या सर्व्हरवर आहेत, काम सोडल्यावर ते पुसतात का, आणि स्टार त्यांना स्वतःला दिसतात का. भाडेकरू असल्यामुळे सर्वसाधारण सभेत मला मत नाही. काकूंना आहे. त्यांनी विषय सभेपुढे ठेवायला सही करून दिलीये, अंगठा नाही, सही, आणि म्हणाल्या आहेत की स्वतः येऊन बोलेन.