वाटीभर जेवण

वजन कमी करण्यासाठी केलेल्या माझ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीला आज पाच महिने पूर्ण झाले आणि आजच मावसबहिणीचे डोहाळजेवण होते. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक फारशी लागत नाही. पण पंगतीत बसल्यावर हात मात्र जुन्या सवयीनेच भराभर चालू लागतो, आणि खरी कसोटी तिथेच असते.

मी आधी मटकीची उसळ आणि पनीर खाल्ले, कारण दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, आणि मग दोन चमचे मसालेभात घेतला. जेवताना आणि नंतरचा अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचे नसल्यामुळे काठाला कोथिंबिरीचे पान चिकटलेला मठ्ठ्याचा पेला तसाच बाजूला ठेवला. मावशीने आग्रहासाठी जिलेबी उचलली, क्षणभर माझ्याकडे पाहिले, ती परातीत परत ठेवली आणि काही न बोलता माझ्या वाटीत चमचाभर उसळ वाढली. मला अगदी भरून आले.

केस गळतात, हे मात्र मनाला फार लागते. वजन झपाट्याने उतरल्यावर असे होते आणि बहुतेकांचे केस पुन्हा येतात, असे डॉक्टरांनी समजावले आहे. बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आता कायमच्याच. संध्याकाळी मावशीच्या घराचे तीन जिने मी न थांबता उतरले आणि, विसरलेली पिशवी आणायला, पुन्हा चढलेसुद्धा.