वायलर्सविस्टचं जुनं थिएटर

कोलोनच्या मुख्य स्थानकातून बाहेर पडलं की समोर ते प्रचंड कॅथेड्रल येतं आणि बहुतेकांचं कोलोन तिथेच उरकतं. मीही मान वर करून ते पाहिलं, पण मी आले होते साठ-सत्तरच्या दशकांतल्या जर्मन प्रयोगशील रॉक संगीताच्या जागा पाहायला, आणि मला खरी ओढ होती तिथून चालत काही मिनिटांवर असलेल्या वॉलराफप्लाट्झची. तिथे पश्चिम जर्मन रेडिओची इमारत आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला या रेडिओने इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी स्टुडिओ उभारला. संगीतकार कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन तिथे टेपचे तुकडे कापून, जोडून संगीत रचायचे. एका लहान मुलाचा आवाज आणि यंत्रांतून काढलेले स्वर एकत्र विणलेली त्यांची रचना १९५६ मध्ये इथेच पहिल्यांदा ऐकवली गेली. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती.

श्टोकहाउझेनच्या हाताखाली शिकलेल्या दोघांनी, इरमिन श्मिट आणि होल्गर चुकाय यांनी, १९६८ मध्ये 'कॅन' हा बँड काढला. दोघंही तिशीला टेकलेले. श्मिट ऑर्केस्ट्रा चालवणारा, पियानो वाजवणारा. चुकाय शाळेत संगीत शिकवायचा, आणि रॉक संगीताची गोडी त्याला लावली ती मिखाएल कारोली या त्याच्याच विद्यार्थ्याने. तो कारोली गिटारवर आला. ड्रमवर याकी लीबेत्साइट, फ्री जॅझमधून आलेला. लीबेत्साइटची एक गोष्ट त्याचे चाहते नेहमी सांगतात. जॅझ वाजवत असताना श्रोत्यांमधला कुणीतरी त्याला म्हणाला, तू एकसुरी वाजव. दुसरा कुणी असता तर चिडला असता. याने ते मनावर घेतलं आणि पुढे आयुष्यभर तेच केलं.

त्याचं वाजवणं ऐकताना मला विलंबित ख्यालाचा ठेका आठवतो. तबलजी अर्धा तास तोच ठेका धरून बसतो, स्वतःला पुढे रेटत नाही, आणि त्याच्या त्या स्थिरपणावरच गाणारा मोकळा सुटतो. 'कॅन'च्या 'टागो मागो' या रेकॉर्डमधला अठरा मिनिटांचा 'हालेलुवा' ऐकून बघा. ड्रम हलत नाहीत, बाकी सगळं त्यांच्याभोवती बदलत राहतं.

दुसऱ्या दिवशी 'कॅन'चा स्टुडिओ जिथे होता त्या वायलर्सविस्ट गावाला निघाले. कोलोनमध्ये नोकरी करणारा माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, तिथे बघण्यासारखं काय आहे? त्यापेक्षा बॉनला जाऊ, बीथोवनचं घर आहे." मी म्हटलं, "बॉनला सगळेच जातात रे. तू चल तर." आला बिचारा. आयफेलच्या दिशेने जाणारी साधी पॅसेंजर मिळाली. शहर संपलं की सपाट शेतं लागतात. या भागात साखरेसाठी बीट पिकवतात.

सुरुवातीला हा बँड जवळच्याच न्योर्फेनिश गावच्या गढीत तालीम करायचा. एका कलासंग्राहकाने त्यांना तिथे जागा दिली होती. 'टागो मागो' (१९७१) तिथलीच. मग त्यांनी वायलर्सविस्टमधलं बंद पडलेलं सिनेमागृह घेतलं आणि त्याला 'इनर स्पेस' नाव दिलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लष्कराच्या जुन्या गाद्या टांगल्या, सुमारे १,५००. काचेमागे बसलेला रेकॉर्डिस्ट नाही, तासांचं भाडं नाही, पुढच्या पार्टीसाठी खोली रिकामी करायची घाई नाही. एकाच मोठ्या खोलीत वाजवायचं आणि तिथेच टेप फिरत ठेवायची. तासन्‌तास वाजवलेल्यातून चुकाय नंतर कात्री आणि चिकटपट्टी घेऊन गाणं शोधायचा. बेसही तोच वाजवायचा आणि टेपही तोच कापायचा. रेडिओच्या स्टुडिओत शिकलेली विद्या त्याने खेड्यातल्या थिएटरात आणून रॉकला लावली.

आज ते थिएटर रस्त्यावरून पाहिलं तर साधं घर आहे. समोर उभं राहून मी भावाला हे सगळं सांगत होते. चुकाय शेवटपर्यंत इथेच राहिला, २०१७ मध्ये इथेच वारला. त्याच वर्षी जानेवारीत लीबेत्साइटही गेला होता. कारोली तर २००१ मध्येच. भावाने विचारलं, "पण मग गाणारा कोण होता?" गाणारे दोन. पहिला माल्कम मूनी, अमेरिकन शिल्पकार. तो परत गेल्यावर १९७० मध्ये चुकाय आणि लीबेत्साइट म्युनिकमध्ये एका कॅफेबाहेर बसले असताना त्यांना रस्त्यावर ओरडत-गात असलेला एक जपानी तरुण दिसला. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला मंचावर उभं केलं. तो डामो सुझुकी. इंग्रजी, जर्मन, जपानी आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द एकत्र करून गायचा. २०२४ मध्ये तो कोलोनमध्येच वारला.

हे संगीत निव्वळ 'जर्मन' होतं असं म्हणणाऱ्यांना मी याच बँडचं उदाहरण देते. १९७२ च्या 'एगे बाम्यासी' या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर भेंडीचा डबा आहे, कोलोनमधल्या तुर्की दुकानात मिळायचा तसा. तुर्कस्तानातून कामगार आणण्याचा करार १९६१ चा. म्हणजे अकरा वर्षांत त्यांची भेंडी शहराच्या संगीतात पोहोचली. आई-वडिलांच्या पिढीने जे केलं त्यानंतर या मुलांना 'आपली परंपरा' म्हणून अभिमानाने पुढे करावं असं फार काही उरलं नव्हतं. श्मिटला तर शिक्षकांचा नाझी भूतकाळ उघड केल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. अमेरिकन ब्लूजची नक्कल करायची नाही, रेडिओवरची गोडगोड 'श्लागर' गाणी तर नाहीच नाही. मग जिथून मिळेल तिथून घेतलं आणि स्वतःच्या खोलीत नव्याने जुळवलं. म्हणूनच ते अजून जुनं होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

गाद्या आता वायलर्सविस्टमध्ये नाहीत. हा आख्खा स्टुडिओ उचलून ग्रोनाऊच्या रॉक आणि पॉप संग्रहालयात नेला. ग्रोनाऊ हॉलंडच्या सीमेला चिकटलेलं, एके काळचं सूतगिरण्यांचं गाव. संग्रहालयही गिरणीच्या जुन्या टर्बाइनगृहातच आहे. मी म्युन्स्टरहून गाडी बदलून गेले. त्या गाद्यांच्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर पहिल्यांदा उमगलं की ती जागा किती साधी होती. पैशाने उभी केलेली नव्हती, वापरून वापरून झालेली होती. तिथून हलायला माझी तयारीच नव्हती.

ड्युसेलडॉर्फला मात्र पाय निघाला तो थेट मिंट्रोपश्ट्रासेवर. स्थानकाजवळचा कामाधंद्याचा रस्ता, देखणा मुळीच नाही. १६ नंबरला क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडचा 'क्लिंग क्लांग' स्टुडिओ अनेक वर्षं होता. राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनीही तेच केलं होतं: आधी स्वतःची जागा, मग संगीत. फ्लोरियानचे वडील पाउल श्नायडर-एसलेबेन हे नामवंत वास्तुविशारद. कोलोन-बॉन विमानतळाची इमारत त्यांचीच. मी त्याच विमानतळावर उतरले होते, आणि त्या सरळसोट काँक्रीटकडे पाहताना मुलाच्या संगीताची आठवण झाली. १९७४ ची 'आउटोबान' ही रचना साडेबावीस मिनिटांहून मोठी आहे. रेडिओसाठी ती जेमतेम तीन मिनिटांची केली आणि अमेरिकेत गाजली. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या आफ्रिका बंबाटा या हिप-हॉप डीजेने 'प्लॅनेट रॉक'मध्ये त्यांच्याच 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची धून घेतली. डेट्रॉइटचे टेक्नो करणारे तरुणही क्राफ्टवेर्क ऐकतच मोठे झाले. कृष्णवर्णीय अमेरिकन पोरांनी या ताठ उभ्या राहणाऱ्या जर्मनांच्या तालावर नाचावं, यापेक्षा मोठा वारसा मला सुचत नाही.

पण ड्युसेलडॉर्फमध्ये माझं मन 'नॉय!' या दोघांच्या बँडपाशी जास्त अडकलं. क्लाउस डिंगर आणि मिखाएल रोटर, दोघंही थोडा काळ क्राफ्टवेर्कमध्ये होते. त्यांची १९७२ ची पहिली रेकॉर्ड कोनी प्लांक या ध्वनितज्ज्ञाने घडवली. पुढे कोलोनजवळच्या एका शेतघरात स्टुडिओ काढणारा हाच तो. डिंगरचा सरळ पुढे जाणारा ताल आणि त्यावर रोटरची गिटार, संपायची घाईच नाही. रोटरचं बालपण काही वर्षं कराचीत गेलं. तिथे कानावर पडलेलं, कुठे सुरू झालं नि कुठे संपेल ते न कळणारं संगीत आपल्यात राहून गेलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. हे वाचल्यापासून त्याची गिटार मला परकी वाटत नाही.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी 'नॉय!'चे पैसे संपले. एक आख्खी बाजू रिकामी. तेव्हा त्यांनी आधी निघालेली दोन गाणी कधी भरभर, कधी संथ फिरवून ती बाजू भरली. लोकांना तेव्हा ही फसवणूक वाटली. आज रीमिक्स करणारा प्रत्येक जण तेच करतो.

मी पुण्याची, म्हणून एक धागा सांगायचा मोह आवरत नाही. १९७१ मध्ये 'डी' ही प्रयोगशील रेकॉर्ड काढणारा डॉयटर हा जर्मन संगीतकार पुढे आमच्या कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमात येऊन राहिला. तिथल्या ध्यानाच्या प्रकारांसाठी त्याने संगीत केलं. त्या गल्ल्यांतून मी कॉलेजला असताना सायकलवरून जायचे, आणि हे माहीत व्हायला मला जर्मनीपर्यंत जावं लागलं.

कुणाला हाच प्रवास करायचा असेल तर कोलोनला मुक्काम करा. ड्युसेलडॉर्फ आणि वायलर्सविस्ट तिथून सहज होतात, ग्रोनाऊसाठी पूर्ण दिवस ठेवा. म्युन्स्टरहून ग्रोनाऊला जाणारी गाडी पुढे हॉलंडमध्ये एन्स्खेडेपर्यंत जाते, तेव्हा उतरायला विसरू नका. संग्रहालयाच्या वेळा आधी बघून घ्या. वायलर्सविस्टला लोक राहतात, तिथे दारं वाजवू नका, रस्त्यावरूनच बघा. आणि हे संगीत आजवर ऐकलं नसेल तर गाडीत बसल्यावर नॉय!चं 'हालोगालो' लावा. दहा मिनिटांचं आहे, मध्ये थांबवू नका. नंतर कॅनचं 'फ्यूचर डेज'.