तालमीतला नवा गडी: अंगदुखी आणि कान

तालमीत जायला लागलं की मान, मांड्या, पाठ भरून येणारच. हे दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं, मग ओसरतं. त्यासाठी तालीम बुडवू नका; लढत टाळून हलक्या बैठका मारा. सांधा सुजला किंवा हाताला मुंग्या आल्या, तर थांबा.

कानाकडे मात्र कुणी बघत नाही. घासून-दाबून कान फुगला आणि मऊ लागला, तर कूर्चा (कानातलं लवचिक, मऊ हाड) नि तिच्यावरच्या पातळ पडद्याच्या मध्ये रक्त साठलंय. कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, मग गाठ कडक होते. दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून ते रक्त काढून घ्या. (पैलवानांसारखा कडक, वेडावाकडा मोडका कान मिरवायचा असेल तर गोष्ट वेगळी!) घरी सुई टोचू नका, पू होतो. वरून दाबपट्टी हवीच, नाहीतर पुन्हा भरतं. ती निघेपर्यंत लढत बंद.