अष्टमुडीच्या खांबांवर

केरळात कोल्लमच्या जेट्टीवरून अष्टमुडी सरोवरात होडी निघाली आणि मंडळींचे मोबाईल माडांकडे, चिनी जाळ्यांकडे वळले. मी बघत होतो जाळ्यांचे खांब. ओहोटी लागलेली, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडला होता. त्यावर काळपट-तपकिरी शिंपल्यांचा असा थर, की लाकूड दिसेल तर शपथ!

होडीवाल्या चेट्टनना (मल्याळीत दादा) विनंती करून होडी खांबाला लावली. एक झुपका धरून ओढला, तर निघता निघेना. प्रत्येक शिंपल्याने केसासारख्या चिवट धाग्यांनी शेजाऱ्याला घट्ट धरलेलं आणि मधल्या फटींत काळाशार चिखल. "हे आमच्याकडचे नव्हेत," चेट्टन मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले.

खरंच नव्हेत. हा मायटेला स्ट्रिगाटा, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा. जहाजांच्या बुडाला चिकटून किंवा बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या, पाण्यातून अळीरूपात तो इथवर आला असावा, असा अभ्यासकांचा कयास. पाणी खारं असो की मचूळ, याचं फारसं अडत नाही.

अष्टमुडीची खरी श्रीमंती तळाशी आहे, तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या रूपाने. इथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. तिसरी वाळूत पुरून घेते आणि नळ्या वर काढून पाणी गाळून जगते. त्याच वाळूवर या धागेवाल्यांची चटई पसरली, की खालचीचा जीव गुदमरणारच. शिवाय दोघांचं खाणं एकच, पाण्यातले सूक्ष्म जीव.

मग काढून का टाकत नाहीत? ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९९९ मध्ये अशाच एका घुसखोर शिंपल्याचा नायनाट केला होता. तिथल्या मरिनांना, म्हणजे नौका उभ्या करायच्या गोद्यांना, दरवाजे होते. ते बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. आतलं बाकीचं जीवनही त्यात गेलं, तो भाग वेगळा. इथे असलं काही करायचं म्हटलं तरी सरोवर जिथे समुद्राला मिळतं ते नींदकराचं मुख समुद्राला सताड उघडं. अष्टमुडीला दार लावणार कोण आणि कुठे?

राहता राहिला उपाय पुढच्यांना अडवण्याचा. बॅलास्टच्या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. जहाजांच्या बुडावरच्या जीवांसाठी मात्र जागतिक पातळीवर अजून ऐच्छिक मार्गदर्शक सूचनांवरच भागवलं जातंय. हे मला अर्धवट वाटतं. पाणी तपासायचं आणि बूड सोडून द्यायचं, याला बंदोबस्त कसा म्हणायचा?