गुरुजींची सिटी आणि पंधरा-चाळीस

मे महिन्यात आमच्या कारंजात सकाळी दहानंतर पत्र्याखाली पडलेला पाना हातात धरवत नाही. म्हणून उन्हाळाभर मी सहालाच गॅरेज उघडतो, बाराला बंद करतो आणि पुन्हा पाचला येतो. त्या मंगळवारी मात्र रात्री दहापर्यंत शटर ओढता आलं नाही.

माझं रोजचं काम ट्रॅक्टर, बोलेरो आणि छोटा हत्ती यांचं. त्यात वर्षातून दोनदा येणारी एक वेगळी गाडी म्हणजे गुरुजींची होंडा सिटी. २००२ चं मॉडेल, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, १०६ हॉर्सपॉवर. नवीन पोरांना ती जुनाट डबा दिसते. ज्यानं ती एकदा मोकळ्या रस्त्यावर ताणली असेल, तो असं म्हणणार नाही. गुरुजी आठवीला आम्हाला विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून तिचं आयुष्य म्हणजे गाव ते कारंजा सहा किलोमीटर, बाजार, परत सहा किलोमीटर.

त्या दिवशी गाडी घेऊन आला त्यांचा मुलगा. पुण्यात नोकरीला. गुरुवारी संभाजीनगरला लग्न होतं आणि याला समृद्धीनं हीच गाडी न्यायची होती.

"भाऊ, मीटरवर साडेचार हजार आरपीएमपर्यंत नीट जाते. पुढे दमच नाही. पहिले पाचच्या आसपास आवाज बदलायचा, गाडी उसळायची. आता काहीच नाही. आणि हा दिवा."

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. या जुन्या होंडाला स्कॅनर लागत नाही. डॅशबोर्डखाली दोन पिनांची जोडणी असते, तिच्यात तारेचा तुकडा घातला की दिवा लुकलुकून स्वतःच सांगतो. दोन लांब, दोन आखूड. बावीस. म्हणजे कॉम्प्युटरनं व्हीटेकला हुकूम दिला, पण तेलाचा दाब तिथं पोचल्याची खबर परत आली नाही.

इथं थोडं थांबून सांगावं लागेल. खालच्या वेगात या इंजिनाचे व्हॉल्व्ह कॅमच्या, म्हणजे ते उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, छोट्या उंचवट्यावर चालतात. वेग वाढला की एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं तेलाचं दार, उघडतो, तेल दाबानं रॉकरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांमध्ये, शिरतं, आतली पिन सरकवतं, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर जातात. त्या पोराला उसळी वाटायची ती हीच. म्हणजे ट्रॅक्टरच्या लिफ्टला जसं तेलच नांगर उचलतं, तसं इथं तेलच पिन ढकलतं. नुसतं घासणं वाचवायचं काम त्याच्याकडे नाही. म्हणून अशा गाडीत "कोणतंही टाका, तेल तं तेलच असते" चालत नाही.

पहिलं काम फुकटाचं, डिपस्टिक. अर्धा लिटर कमी. बोटावर घेतलं तर डांबरासारखं. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स सतरा ओहम आला, चौदा ते तीस चालतो. वायर ठीक. मग सोलेनॉइडचे दहा नंबरचे तीन बोल्ट काढले. त्याच्यामागे, हेडला टेकलेल्या गॅस्केटमध्ये, नखाएवढी बारीक जाळी असते.

जाळी काळ्या चिखलानं बुजली होती. टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून चिखल सोडवला, तर त्याच्याखालून एक करडा, रबरासारखा धागा निघाला. शिजलेल्या शेवईच्या तुकड्याएवढा.

तो पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी याच गाडीचं व्हॉल्व्ह कव्हर गळत होतं. गॅस्केट अमरावतीहून यायला दोन दिवस लागणार होते, म्हणून मी जुन्याच गॅस्केटवर सिलिकॉन फासून कव्हर बसवलं होतं. सढळ हातानं. त्या वर्षी माझ्याकडे करड्या रंगाचीच ट्यूब होती. बाहेर निघालेलं जास्तीचं मी पुसलं होतं. आत निघालेलं कोण पुसणार?

धागा चिंधीत गुंडाळून खिशात टाकला. मुलगा फोनवर होता.

साडेदहाला गुरुजी स्वतः आले, डोक्याला दुपट्टा बांधून. विचारलं, "गुरुजी, तेल कोणतं टाकता?"

"ट्रॅक्टरचं उरते न, ते. कमी दिसलं का टाकतो. पूर्ण बदलायचं काय काम? गाडी चालतेच कितीक?"

त्यांच्या घरचा डबा मला माहीत होता. पंधरा-चाळीस, म्हणजे जाडीचा नंबर, डब्यावर 15W-40 असा लिहिलेला; आणि दर्जा सीएफ-४. डब्यावर एपीआय या दर्जाच्या शिक्क्यापुढे एस असेल तर तेल पेट्रोल इंजिनाचं, सी असेल तर डिझेलचं. आता डिझेलचं तेल पेट्रोल गाडीत म्हणजे काही विष नव्हे. उलट काजळी धरून ठेवायला त्यात धुणारं रसायन भरपूर असतं. पण आतून कधी न धुतलेल्या इंजिनात त्यानं कोपऱ्याकोपऱ्यातला चिखल सोडवला आणि आणून जाळीच्या दारात टाकला. त्यात सहा-सहा किलोमीटरच्या फेऱ्या. एवढ्यात तेल पुरतं तापत नाही, आतलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, चिखल होतो. गाडी कमी चालते म्हणून तेल टिकतं, हा हिशोब इथं उलटा पडतो.

जाळीत एवढं असेल तर खाली पंपाच्या गाळणीत काय असेल? सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. गाळणीचा तिसरा हिस्सा भरलेला, आणि त्यात आणखी दोन करडे तुकडे. समृद्धीवर १२० नं दोन तास चालवताना ती पूर्ण बुजली असती तर बेअरिंग गेलंच होतं. मी काही बोललो नाही. अमरावतीला फोन करून व्हॉल्व्ह कव्हर आणि चेंबरचे गॅस्केट, दोन फिल्टर, ड्रेन बोल्टचे वायसर आणि तेलाचे दोन डबे सांगितले, एक दहा-तीस, एक दहा-चाळीस. जो लागणार नाही तो परत, या बोलीवर.

दोन डबे कशाला, हे मुलाला पटेना. त्याचं आधीच ठरलेलं. "दहा-साठ टाका ना भाऊ. रेसिंगवाले तेच वापरतात. आपल्याकडे उन्हाळा पण किती आहे."

दहा-साठ काही खोटं तेल नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम-३ ला कंपनीच ते सांगते. पण ती मशीन वेगळी, तिचे बेअरिंगचे गॅप वेगळे. आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर थर्मोस्टॅट बाहेरचं हवामान पाहून चालत नाही. डिसेंबरात दहा अंश असो की मेमध्ये पंचेचाळीस, गरम झालेल्या इंजिनात तेल शंभराच्या आसपासच काम करतं, ताणून पळवलं तर वर जातं. आकड्यांचं अर्ध्या गावाला उलटं माहीत आहे. लोकांना वाटतं दहा-तीस थंडीत पातळ असतं आणि गरम झालं की घट्ट होतं. कोणतंही तेल गरम झालं की पातळच होतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा शंभर अंशांवरच्या जाडीचा. तिथं तीस नंबरची जाडी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, चाळीसची १२.५ ते १६.३. तीस आणि चाळीसची अशी शिवेला शीव लागते, आणि लोक त्याच्यावरून भांडतात.

गावातला दुकानदार वेगळंच घेऊन बसला होता. "दहा-तीस पाहिजे न? हे घ्या." मोटारसायकलच्या नऊशे मिलीच्या बाटल्या, जासो एमए लिहिलेल्या. ते तेल बाइकच्या ओल्या क्लचसाठी असतं, क्लच घसरू नये म्हणून. कारमध्ये कायमचं टाकायचं ते नव्हे. तरी मी चार बाटल्या घेतल्या. इंजिन धुवायला.

चार वाजता ट्रॅव्हल्सवाल्यानं पार्सल चौकात उतरवलं. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हचे गॅप, लावून घ्यावेत असं मनात होतं. पण होंडा म्हणते, हेड ३८ अंशांच्या खाली असताना लावा. आमच्याकडे तेव्हा सावलीतच चव्वेचाळीस. टॅपेट हिवाळ्यावर टाकले. या वेळी कव्हरला नवं गॅस्केट, आणि सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना, तुरीच्या दाण्याएवढं.

बाइकचं तेल भरलं, गाडी मानोरा रोडनं वीस किलोमीटर फिरवून पुरती तापवली. मग ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथं गेज लावलं. जाड की पातळ हा वाद मला गेजवर सोडवायला आवडतो. या इंजिनाला गरम असताना आयडलवर किमान ०.७ किलो दाब पाहिजे, तीन हजारावर साडेतीन. तीस नंबरवर काटा आयडलला ०.८ वर थांबला. तीन हजारावर ३.६.

पास, पण काठावर. रोजच्या बाजाराला दहा-तीस पुरलं असतं. मे महिन्याच्या दुपारी भरल्या गाडीनं समृद्धीवर १२० नं जायचं म्हणजे तेल शंभराच्या बरंच वर जाणार आणि ती काठावरची शिल्लक खाणार. शिवाय सकाळी चालू करताना निळसर धूर दिसतोच, व्हॉल्व्हची सीलं म्हातारी झालीत. दहा-चाळीसचा डबा फोडला. पेट्रोलचं, एसएन, सेमी सिंथेटिक. आयडलला काटा एकच्या वर उभा राहिला. दहा-तीसचा डबा परत पाठवायला बाजूला ठेवला.

मग खिशातली चिंधी काढली आणि बोनेटवर उघडली.

"हे काय होय?" गुरुजींनी चष्मा वर केला.

"सिलिकॉन. मायंच. दोन वर्षांपूर्वी कव्हरले लावलं होतं ते आत गळून पडलं. तेलाचा दोष अर्धा, मायाच जास्त. मजुरी नाई लावत."

मुलगा काहीतरी बोलणार होता. गुरुजी तो धागा बोटानं ताणून पाहत होते. म्हणाले, "आठवीत बी तू वहीले असाच डिंक फासे. चार पानं चिकटून जायची."

सामानाचे पैसे त्यांनी दिले. मजुरीचे द्यायला लागले, मी घेतले नाहीत, आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रात्री साडेनऊला आम्ही तिघं निघालो. मुलगा स्टिअरिंगवर, मी शेजारी, गुरुजी मागं. सामसूम रस्ता, दोन्ही बाजूला पऱ्हाटीची रिकामी वावरं. दिवा विझलेला. तिसरा गिअर, चार हजार, साडेचार, आणि पाचच्या अलीकडे तो आवाज बदलला. गुरगुरणं सुटून एकदम मोकळा, उंच सूर, आणि पाठ सीटला टेकली.

मुलगा हसला आणि पाय काढला. मागून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग गुरुजींनी दोन सीटांच्या मधून डोकं पुढं काढलं.

"हा आवाज आपल्या गाडीचा होय?"

"हो बाबा."

"पंधरा वर्सं झाले मायापाशी." ते परत मागं टेकले. "पुन्हा कर बरं एकदा."