तुम्ही विचारलंत म्हणून: पहाटे इंदूर, संध्याकाळी हॅवलॉक?

नोव्हेंबर संपत आला की इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो. नवं लग्न झालेले दोघं असोत की निवृत्तीनंतर पहिल्यांदाच निघालेले काका-काकू: "पहाटे इंदूर सोडलं तर त्याच दिवशी अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावर पाय ठेवता येईल का?" तिकिटांच्या वेळा जुळवून पाहिल्या तर येईलसं वाटतं. तरी आमचं म्हणणं असं, की पहिल्या दिवशी विमान उतरतं त्या पोर्ट ब्लेअरलाच थांबा आणि बोटीने बेटावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

मुख्य अडचण उजेडाची आहे. घड्याळ तेच, पण अंदमान इंदूरपेक्षा सुमारे १७ रेखांश पूर्वेला, म्हणजे तिथला सूर्य तासाभराहून जास्त पुढे. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाला मावळणारा सूर्य तिथे पाचच्या सुमारासच बुडतो. बोटींच्या फेऱ्याही उजेडाच्या हिशोबाने असतात, दुपारनंतर त्या आटतात. म्हणून या दिवसाचं वेळापत्रक घरापासून नव्हे, बोटीच्या धक्क्यापासून उलटं मांडायचं. बोटीआधी तासभर धक्क्यावर. विमानतळ ते हॅडो धक्का, अर्धा तास धरा. सामान पट्ट्यावर यायला आणखी अर्धा-पाऊण तास. विमानाच्या उशिरासाठी निदान एक तास मोकळा. म्हणजे विमान उतरण्याची वेळ आणि बोट सुटण्याची वेळ यांत तीन-सव्वातीन तास हवेत. इंदूरहून विमान बदलावंच लागतं, आणि पहाटेचं पहिलं धरलं तरी पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत बहुधा दुपार होते. शेवटची बोट मिळालीच, तरी बेटावर उतराल तेव्हा अंधारत आलेलं असेल.

त्याच दिवशी पोचायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी इंदूर सोडा, चेन्नई किंवा हैदराबादला विमानतळाजवळ झोपा आणि पहाटेचं विमान धरा. चेन्नईहून सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास आहे. सकाळी उतरलात तर दुपारच्या आत बोटीत असाल. एका रात्रीचा खर्च वाढतो, पण हिशोब बसतो.

कुठून बदलायचं हेही महिन्यावर ठरवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाऊ नका, धुक्याने सकाळची विमानं अडकतात. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईला परतीच्या पावसाचे आणि वादळांचे दिवस. त्या काळात हैदराबाद बरं, जानेवारीनंतर चेन्नई उत्तम. पोर्ट ब्लेअरला वारा बिघडला तर विमान न उतरता परतही फिरतं, त्यामुळे त्याच दिवसाची बोट आणि बेटावरचं हॉटेल दोन्ही पैसे परत न मिळणाऱ्या दराने काढू नयेत.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग इंदूरलाच बॅगेला शेवटपर्यंतची चिठ्ठी लागते आणि पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं तर पुढच्यात बसवणं कंपनीवर येतं. इंदूरच्या काउंटरवर चिठ्ठीवर 'आयएक्सझेड' ही पोर्ट ब्लेअर विमानतळाची अक्षरं आहेत ना, ते वाचूनच हला. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मधे सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि चुकलं तर सगळा भुर्दंड तुमचा.

नवविवाहितांनी एक गोष्ट नक्की तपासावी. सूनबाईंच्या आधारवर माहेरचं नाव आणि सासरच्यांनी हौसेने काढलेलं तिकीट नव्या नावाचं, असं फार होतं. ओळखपत्रावर आहे तेच नाव तिकिटावर हवं, विमानाच्याही आणि बोटीच्याही. मूळ ओळखपत्र धक्क्यावरही बघतात, म्हणून ते हातातल्या पिशवीत. मुख्य बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. बोटीच्या तिकिटावर हॅवलॉकऐवजी 'स्वराज द्वीप' आणि पोर्ट ब्लेअरऐवजी 'श्री विजयपुरम' दिसलं तर गोंधळू नका. ही नावं अनुक्रमे २०१८ आणि २०२४ ची आहेत. तिकिटं कागदावर छापून घ्या, बेटांवर मोबाइलचा भरवसा नाही.

सामान भरताना 'त्याची बॅग, तिची बॅग' करू नका. दोघांचे दोन-दोन जोड दोन्ही बॅगांत टाका, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी अडत नाही. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा माणशी १५ किलो बॅग आणि ७ किलो हातात. पॉवर बँक हातातच, २७,००० एमएएचच्या आतली. दशम्या, चिवडा खुशाल न्या. तेलाचं लोणचं हातात नको, आणि सुकं खोबरं तर घेऊच नका: त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बॅग उघडायला लावतात. जाड जाकीटही घरीच ठेवा. इंदूरच्या पहाटेला दहाच्या आसपास तापमान, उतरल्यावर तीस आणि घामट हवा. आत सुती कपडे, वर स्वेटर आणि एक शाल पुरते. तीच शाल बोटीच्या एसीतही लागते.

बोट दीड-दोन तासांची, सरकारी असेल तर अडीचपर्यंत. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी खालच्या मजल्यावर मधली जागा मागावी, तिथे हेलकावे कमी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि बोट सुटायच्या तासभर आधी घ्या. हेलकावे सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. निघण्याआधी उपाशी राहू नका आणि भरपेटही नको, दोन इडल्या किंवा दशमी पुरे. बसल्यावर मोबाइल बंद ठेवून दूरच्या क्षितिजाकडे पाहत राहा.