बोर्ड अर्ध्या तासात निघाला, बोल्टांनी घाम काढला

आमच्या पूलच्या खोल बाजूला एक आठ फुटी डायव्हिंग बोर्ड होता, आम्ही बसवलेला नाही, घर घेतलं तेव्हापासून होताच. मागच्या महिन्यात मुलगी म्हणाली बाबा बोर्डावर हा केस चिकटलाय का, बघतो तर टेकूच्या बरोबर वर आडवी बारीक चीर, आणि अंगठ्याने दाबली की त्यातून तपकिरी पाणी पाझरतंय. या बोर्डांना वरून फायबरग्लास आणि आत लाकूड असतं, बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजत राहतं, वरून मात्र सगळं चकाचक. मोडणार कधी, तर कोणीतरी टोकावर उभं असताना.

नवीन बसवू की काढूनच टाकू यावर घरात दोन दिवस वाद. मग मी दोरीला वजन बांधून खोली मोजली, सगळ्यात खोल जागी जेमतेम २.४ मीटर, आणि तिथून पुढे तळ लगेच वर चढत येतो. स्पर्धेत १ मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डखाली किमान ३.४ मीटर पाणी लागतं. घरचा बोर्ड तेवढा उंच नसतो हे मान्य, पण पूर्ण मीटरभराचा फरक बघून बायको म्हणाली काढा, तिथे विषय संपला.

मेहुणा मदतीला आला आणि आल्या आल्या म्हणाला आधी पूल रिकामा करू. हे प्लीज करू नका! जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा पूल खालून होडीसारखा उचलला जाऊ शकतो, अख्खं काँक्रीट तडकतं, आणि विनाइल लायनर, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर, असेल तर तो आकसतो आणि परत नीट बसत नाही. भरलेला पूल राहू दे, फक्त मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा.

बोर्ड मागे दोन बोल्टने स्टँडला आवळलेला होता आणि मध्ये टेकूवर नुसता टेकलेला. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवायचा स्प्रे भरपूर मारून ठेवला, सकाळी एक नट पान्याने सुटला, दुसऱ्याचे कोपरे गोल झालेले त्यामुळे तो कापावा लागला. आता इथे माझी चूक सांगतो. अर्ध्याहून जास्त बोर्ड पाण्याच्या बाजूला असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, दुसरा बोल्ट तुटला आणि मागचं टोक सी-सॉसारखं फाडकन वर आलं, हनुवटीपासून चार बोटं लांबून गेलं. मेहुण्याने झेप घेऊन धरलं म्हणून वाचलो. तेव्हा बोल्ट सोडवायच्या आधी पुढच्या टोकाला दोरी बांधून मागे ओढून धरायला एक माणूस, मागच्या टोकावर दाब द्यायला दुसरा, मगच पाना लावा. मग दोघांनी सरळ मागे सरकवत आणायचा, पाण्यावरून आडवा फिरवायला जाऊ नका, तोल जातो.

तुम्हाला वाटेल झालं काम. आम्हालाही वाटलं, चहा वगैरे घेतला.

खरी मजा स्टँडची. त्याचे चार बोल्ट थेट काठाच्या काँक्रीटमध्ये पुरलेले, वर दिसणारा भाग गंजून पापुद्रे सुटलेले, ते काही केल्या फिरेनात. म्हणजे ग्राइंडर. पाण्याच्या काठावर वायरवाला ग्राइंडर नकोच, बॅटरीवाला घ्या, आणि वायरवालाच वापरावा लागला तर ३० मिलिअँपला किंवा त्याहून कमीला ट्रिप होणाऱ्या आरसीडीवरूनच, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणाऱ्या स्विचवरूनच. ठिणग्या लायनरवर पडल्या तर भोकं पडतात आणि लोखंडाचा कीस तळाला गेला की गंजाचे डाग उठतात, म्हणून काठावर प्लायचा तुकडा आडवा उभा केला आणि खाली ओली गोणपाटं अंथरली. गॉगल, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. नंतर प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून काठावरून फिरवलं, पिशवी उलटी केली की सगळा कीस आत, हे मात्र मला स्वतःलाच फार आवडलं.

तिसरा बोल्ट कापताना मेहुणा म्हणाला थांब थांब, ही काय वायर आहे. स्टँडच्या पायाला आतल्या बाजूने एक जाड तांब्याची उघडी तार, हिरवीगार झालेली, काँक्रीटमध्ये उतरलेली. मी म्हटलं अर्थिंग असेल जुनं, उडव. नशीब उडवलं नाही! इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने सांगितलं की ही बाँडिंगची तार, पूलच्या आसपासच्या सळया, शिडी, पंप, सगळे धातू एकमेकांना जोडलेले असतात म्हणजे कुठे करंट गळला तरी दोन ठिकाणांमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही आणि ओल्या माणसाला झटका बसत नाही. ती मधेच तोडली तर पुढची शिडी एकटी पडू शकते. त्याने मीटर लावून बाकीचं जोडणं शाबूत आहे हे तपासलं आणि मगच स्टँडचं टोक सोडवून नीट बंद केलं. ही एक गोष्ट स्वतः करू नका, बाकी सगळं जमतं.

बोल्ट काठाच्या पातळीला कापून थांबू नका. ठोकर लागते ती वेगळीच, पण उरलेलं लोखंड गंजत राहतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. आम्ही छिन्नीने भोवती उकरून इंचभर खाली कापलं, टोकांना इपॉक्सी लावलं आणि वर न आकसणारं ग्राउट, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायचं सिमेंटचं मिश्रण, भरलं, ओलं फडकं टाकून काही दिवस ओलसर ठेवलं. ग्राउटचा रंग जुन्या काठाशी अजिबात जुळलेला नाही, चार गोल ठिपके लांबून दिसतात.

काठावर खोलीचा आकडा आणि सूर मारू नका असं रंगवायचं राहिलंय, कारण बोर्ड गेला तरी पाणी तेवढंच आहे आणि पोरं आता त्या चार ठिपक्यांवर उभी राहून उड्या मारायला बघतात. रंग आणलाय, ग्राउट पूर्ण सुकलं की रविवारी बसतो.